दोन नळ्यांची पाठवणी

रेहाना,

परवा सलीमभाई येऊन गेला. कॅम्पातल्या दुकानातून विश्रांतवाडीपर्यंत, भर उन्हात, स्कूटरवर. पाणीसुद्धा उभ्यानंच प्यायला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला वाटलं, तुझ्या स्वयंपाकघरातलं एखादं भांडं आणलं असेल आठवण म्हणून. कागद सोडला तर तुझा पट्टा. तोच, गालांवरून बांधायचा, तोंडापाशी दोन भोकं असलेला. "आपाचा आहे. तुमच्याकडेच राहू द्या, ताई," म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. तू गेल्यापासून तुझा भाऊ कुणाच्या तोंडाकडे बघून बोलत नाही.

तू जाऊन महिना होत आला. शनिवार उजाडला की माझे हात अजून शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतात. दोन बस बदलून कात्रजला यायचं, धापा टाकत तुझा चौथा मजला चढायचा, तू दार उघडून "उशीर" एवढंच म्हणायचं आणि आत वळायचं. इतक्या वर्षांत तू मला दारात 'ये' म्हणाली नाहीस. परक्यांना म्हणतात, असं तुझं मत. गेल्या शनिवारी चटणी कुटून झाल्यावर लक्षात आलं की डबा कुणासाठी भरतेय. तशीच झाकून ठेवली. खराब होत नाही म्हणा ती.

लोक विचारतात, तुमची दोघींची दोस्ती कशावरून? काय सांगू? एक टेलिफोन खात्यातून रिटायर झालेली बाई, दुसरी कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवणारी, आणि दोघींच्या मधे दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक लोक वाजवायचे ते एक वाद्य. एवढं ऐकून समोरचा घड्याळ बघायला लागतो.

मला मात्र तो दिवस लख्ख आठवतो. कॉलेजच्या लायब्ररीत तू माझ्या समोर बसली होतीस, ओळखदेखही नव्हती. तुझ्यापुढे एक जाडजूड पुस्तक, त्यात एका मातीच्या रांजणावरच्या चित्राचा फोटो. एक माणूस तोंडात दोन नळ्या धरून वाजवतोय, गाल टम्म फुगलेले. मला हसू फुटलं. तू वर बघितलंस, त्या चष्म्यातून.

"काय झालं?"

"काही नाही. आमच्या काकांसारखा दिसतो."

"काका काय करतात तुझे?"

"सनई वाजवतात. बाबापण."

झालं. तिथून तू मला सोडलं नाहीस. त्याच संध्याकाळी तू आमच्या घरी येऊन ओट्याशेजारी बसलीस आणि बाबांना विचारलंस, दोन सनया एकदम तोंडात धरून वाजवता येतील का? बाबा म्हणाले, "कशाला? दुसरी वाजवायला काकाला जेवायला घालतो ना मी?" आई तोंडाला पदर लावून हसली होती.

त्या वाद्याला ग्रीक लोक औलोस म्हणायचे हे मी तुझ्याकडूनच ऐकलं. दोन नळ्या, प्रत्येकीच्या तोंडाशी सनईसारखी पत्ती, आणि एकच माणूस दोन्ही एकदम फुंकणार. देवाला बळी देताना, लग्नात, नाटकात, लढाईला निघालेल्या फौजेपुढे, वल्ही एका तालात पडावीत म्हणून गलबतावर, आणि कुणी मेलं तरीही. पुस्तकांत त्याला बासरी म्हणतात याचा तुला जन्मभर राग. "सनईला बासरी म्हणणं म्हणजे म्हशीला गाय म्हणणं. दूध दोघी देतात म्हणून काय झालं?" हे वाक्य तू एका परिषदेत भाषणात म्हणालीस, आणि अध्यक्ष हसले नाहीत म्हणून घरी येऊन परत मला म्हणून दाखवलंस. मी हसले. मी तिथे असते तर तिथेही हसले असते.

आपला पहिला वाद तिथूनच सुरू झाला आणि शेवटपर्यंत मिटला नाही. आमच्या सनईत दोन माणसं लागतात. एक चाल वाजवतो आणि दुसरा नुसता सूर धरतो. एकच सूर, न तोडता, चाल संपेपर्यंत. मी म्हणायचे, तुझ्या चित्रकारानं जागा वाचवायला दोन माणसांचा एक केला. तू म्हणायचीस, रांजणावर जागाच जागा आहे, घोडे काढलेत त्यानं. मी म्हणायचे, एका तोंडाला दोन पत्त्या आवळता येत नाहीत, कडेनं वारा सुटतो. तू म्हणायचीस, म्हणून तर पट्टा आहे, डोळे उघडून बघ.

पट्टा होता खरा चित्रात. तुझे अब्बा तेव्हा दुकानात बसायचे, बॅगा आणि पट्टे शिवायचे. तू कागदावर माप काढून दिलंस. त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला. "बेटा, हे कुठल्या जनावराला घालायचं?" तू म्हणालीस, "मला." त्यांनी पुढे एक अक्षर विचारलं नाही. मऊ कातडं निवडून, आतून अस्तर लावून शिवून दिला. असे बाप मिळायला नशीब लागतं, रेहाना, हे मी तुला तेव्हाही म्हणाले होते.

माझे बाबा वाईट नव्हते. त्यांच्यावरून आपण किती भांडलो! काका कधी दुसऱ्या सुपारीला गेले की बाबांना रियाजाला सूर धरायला कुणी नसायचं, म्हणून त्यांनी मला शिकवलं. पपईच्या पानाचा पोकळ देठ पाण्याच्या तांब्यात बुडवायचा आणि फुंकत राहायचं. गालात वारा साठवायचा, नाकानं श्वास घ्यायचा, बुडबुडे तुटता कामा नयेत. मला ते येऊ लागलं तेव्हा बाबांनी आईला हाक मारून दाखवलं होतं. पण बाहेर कधी नेलं नाही. पोरीचे गाल फुगलेले, डोळे वटारलेले, मांडवात चारचौघांसमोर बरं दिसत नाही. आणि चाल तर शिकवलीच नाही. सूर पुरे.

हे तुला सांगितलं तेव्हा तू उठून उभीच राहिलीस. म्हणालीस, अगं, ग्रीकांच्या विद्येच्या देवीनं हेच वाद्य घडवलं, वाजवलं, आणि एकदा पाण्यात आपलं तोंड बघितलं तर गाल फुगलेले. दिलं फेकून. "तुझे बाबा ग्रीक होते, सुमे!" मला राग आला होता. मी म्हणाले, देवीला कुणी फेक म्हणालं नव्हतं, आणि बाबांनी मला कधी नको म्हटलं नाही. तू म्हणालीस, "ये असं तरी कधी म्हटलं का?" यावर मी चहा टाकायला गेले. पुढे तो विषय निघाला की चहा व्हायचा. आपण फार चहा प्यायलो.

खऱ्या नळ्या तू अथेन्सला जाऊन आल्यावर केल्यास. तिथल्या संग्रहालयात काचेमागे ठेवलेल्या, तुटक्या. तू काचेला नाक लावलंस तसा तिथला रखवालदार ओरडला, आणि तू त्याला शुद्ध मराठीत म्हणालीस, "होते रे बाबा मागे." हे सांगताना हसत होतीस, मग चष्मा काढून पुसलास. म्हणालीस, "एवढ्या लांबून गेले, आणि मुक्या गं सगळ्या." त्या पावसाळ्यात तू बोरूच्या नळ्या आणून भोकं पाडत बसलीस, फोडत बसलीस, परत आणत बसलीस. पत्त्या मी कापून दिल्या, ताडाच्या पानाच्या, बाबांच्या पेटीतून. बाबा तोवर गेले होते.

पहिल्यांदा आवाज निघाला तेव्हा सोसायटीचा वॉचमन वर आला होता. आठवतंय? "बाई, खाली लोक इचारत्यात, झू-मधनं जनावर सुटलंय का?" तू गंभीर चेहऱ्यानं म्हणालीस, "अजून नाही. सुटलं की कळवते."

दोन्ही नळ्या तुला एकदम जमल्या नाहीत. दमच पुरायचा नाही तुझा. मी तर पट्टा बांधायलाच तयार नव्हते. टांग्याच्या घोडीसारखी दिसले असते. मग आपण आपला तोडगा काढला. कुठल्याही ग्रीकानं बघितला असता तर त्यानं कपाळावर हात मारला असता. एकाच माणसाचं वाद्य आपण दोघींनी वाटून घेतलं. खांद्याला खांदा लावून बसायचं. डावी नळी माझी, उजवी तुझी. मी सूर धरायचा, तू चाल वाजवायची. "ही तडजोड आहे, कबुली नाही," असं तू दर वेळी बजावायचीस.

आणि चाल कुठली? ते मला कितीतरी दिवस कळलं नाही. तू ग्रीक चाल म्हणून वाजवतेस असं मी धरून चालले होते. एके शनिवारी सूर धरता धरता माझे डोळे भरून आले, का ते कळेना. तू थांबलीस. म्हणालीस, "ओळखलीस का?"

माझ्या लग्नात बाबांनी पाठवणीला वेगळी चाल बसवली होती. घरात कुणाला ऐकू दिली नव्हती, काकांना फक्त सूर सांगून ठेवला होता. मी गाडीत बसले आणि बाबांनी ती सुरू केली. अर्ध्यावर त्यांचा दम तुटला. सनई खाली घेऊन ते नुसतेच उभे राहिले. काकांचा सूर तेवढा चालू राहिला, गाडी वळेपर्यंत. मी इतकी रडत होते की मला चाल ऐकूच आली नाही, सूरच आठवतो. बाबांना नंतर कितीदा विचारलं. विसरलो, म्हणायचे. ती चाल त्यांनी पुन्हा कधी वाजवली नाही.

आणि तू? जिवलग मैत्रिणीची पाठवणी, सगळ्या बायका गाडीभोवती, आणि तू वाजंत्र्यांशेजारी उभी राहून काकांच्या गालांकडे टक लावून बघत होतीस. मी किती वर्षं तुला त्यावरून टोमणे मारले! तेवढ्यात तू ती अर्धी चाल कानात भरून घेतली होतीस, आणि ज्या घरात कधी वाद्य वाजलं नाही त्या घरातली तू ती इतकी वर्षं सांभाळलीस. मला म्हणालीस, "तुझी आहे. घेऊन टाक आता." मी म्हणाले, मला सूरच धरता येतो. तू चिडून म्हणालीस, "तो तुला दिला म्हणून तुला येतो. चाल कुणी द्यायची वाट बघतेस?" चहा झाला.

मग तुझ्या फुप्फुसांनी पाठ फिरवली. घरात ते ऑक्सिजनचं मशीन आलं, नाकात नळी. पहिल्या दिवशी मी रडवेली होऊन तुझ्या पलंगाशी बसले होते, आणि तू बोट वर करून म्हणालीस, "ऐक. काळी एकच्या जरासं खाली. तुझ्यापेक्षा बरा सूर धरतंय." मला हसू येईना, रडू येईना.

फुंकणं बंद झालं तरी शनिवार बंद झाला नाही. मी डावी नळी फुंकायची, तू उशीला टेकून उजवी हातात धरायचीस आणि नुसती बोटं चालवायचीस. पत्तीसुद्धा नसायची तिला. मुकी नळी. पण भोकांवरून तुझी बोटं उठायची, बसायची, आणि मला चाल ऐकू यायची. दर शनिवारी तेच. मला वाटायचं, हिला करमत नाही म्हणून करतेय. तू मला शिकवत होतीस हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. तुझ्या वर्गातल्या मुली म्हणायच्या ते खरं, तुझा तास संपल्यावर कळतो.

त्यातल्याच एका शनिवारी, औषध घेऊन झाल्यावर, तू सहज काहीतरी आठवल्यासारखी म्हणालीस, "मी गेले की वाजव."

"काय?"

"पाठवणी. दोन्ही नळ्या, एकटीनं. पट्टा बांधून."

मी म्हणाले, काहीतरी बोलू नकोस. पण तू बोलायला लागलीस की थांबवणार कोण? शेवटी मी म्हणाले, आमच्या घरात मयताला सनई वाजत नाही, तुला माहीत आहे. बाबांचा नेम होता. ज्या पत्तीनं लग्न लावलं ती पत्ती मयतासाठी ओली करायची नाही. मोठमोठ्या घरची माणसं दारात आली तरी त्यांनी तो मोडला नाही.

"ही सनई नाही," तू म्हणालीस.

"पत्ती सनईचीच आहे."

"मग नवी काप. तुला कापता येते ना?" वाक्यावाक्याला थांबून श्वास घेत होतीस, तरी वकिली सोडत नव्हतीस. "मुलगी घर सोडून जाते तेव्हा वाजवता. तिच्या बापाचं काळीज फाटत असतं, तरी वाजवता. मग बाई जाते तेव्हा का नाही?"

"मुलगी परत येते," मी म्हणाले. "माहेरपणाला."

आयुष्यात पहिल्यांदा मी तुला निरुत्तर केलं होतं, आणि मला ते अजिबात नको होतं. मी वाट बघत राहिले की आता काहीतरी तिरकस बोलशील. तू डोळे मिटून घेतलेस. मशीन आपलं सूर धरून होतं.

तुला नेलं तेव्हा मी तुमच्या घरात बायकांमधे बसले होते. पुरुष कब्रस्तानात गेले. कुणीतरी हळू आवाजात कुराण वाचत होतं. माझ्या पिशवीत डावी नळी होती, सवयीनं आणलेली, आणि ती तिथे नको होती हे मला कळत होतं. तुमच्यात मयताच्या घरी वाद्य वाजत नाही, आमच्यात मयताला सनई वाजत नाही. दोन्ही घरांनी नको म्हटलेली एकच गोष्ट तू माझ्याकडे मागून गेलीस. तुझा स्वभाव!

तर परवा सलीमभाई आला. पट्टा हातात दिला, त्यात गुंडाळलेली तुझी उजवी नळीही, आणि वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाला, "एक भोक वाढवलंय मागं, बक्कलसाठी. आपाचा चेहरा लहान होता. तुमचा जरा... मोठा आहे."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "सलीमभाई, तुम्हाला माहीत आहे ती काय म्हणाली होती?"

"आमच्यात नाही वाजवत, ताई." तो दाराकडे निघाला. चप्पल घालताना पाठमोराच म्हणाला, "पण तुमच्या घरी तुम्ही काय करता, ते मला विचारायला लावू नका. माप बरोबर आहे का तेवढं बघा. नाहीतर परत नेतो."

माप बरोबर होतं, रेहाना. तुझ्या अब्बांचं काम, त्यात तुझ्या भावाचं एक भोक.

काल मी बाबांची पेटी काढली. ताडाचं पान भिजवलं आणि दोन पत्त्या कापल्या, नव्या कोऱ्या. त्यांनी कुठलं लग्न लागलेलं नाही आणि लागणारही नाही. त्या फक्त तुझ्या. बाबांचा नेम मोडला नाही, तुझी वकिली तेवढी कामाला आली. वाळल्या, तासल्या, आज दुपारी पुन्हा तोंडात धरून ओल्या केल्या. पट्टा बांधून आरशासमोर उभी राहिले. खरंच टांग्याची घोडी. गाल फुगवून बघितले. त्या देवीनं का फेकलं असेल ते कळलं, आणि फेकायला नको होतं हेही कळलं.

मग खिडकीशी बसले. सूर लागला, तो लागणारच. चाल घ्यायला गेले तर उजवी नळी किंचाळली, तुझ्या झू-मधल्या जनावरासारखी. परत घेतली. परत. कडेनं वारा सुटत होता, पट्टा आवळला, सुटायचा थांबला. आणि मग बोटं चालायला लागली. माझी नव्हती ती, तुझी होती. उशीला टेकून बसलेली. बाबांची चाल माझ्या तोंडून पहिल्यांदा बाहेर आली, सत्तरी जवळ आल्यावर. मी रडत होते का मला माहीत नाही, दोन्ही नळ्या धरल्या की डोळे पुसता येत नाहीत.

बाबा जिथे थांबले, तू जिथे थांबायचीस, तिथपर्यंत आले. पुढची चाल कुणालाच येत नाही. उजव्या हाताची बोटं थांबली. सूर तेवढा मी धरून ठेवला, बुडबुडे न तोडता, जमला तेवढा वेळ. तुझी गाडी वळेपर्यंत म्हण.

पट्टा सोडत होते तर खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यातून वर आल्या. "कुणाचं लग्न आहे का हो? सनई वाजत होती."

"लग्न नाही," मी म्हणाले. "पाठवणी होती."

त्या माझ्या गालांवरचे वळ बघत राहिल्या. सवयीनं विचारतात तसं त्यांनी विचारलं, "मुलगी लांब दिली का?" मी नुसती मान हलवली.

तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. माझा सूर बाबांनी दार लावून ऐकला. समोर बसून, दार उघडं ठेवून, तो दर शनिवारी ऐकणारी तू एकटीच. याला उपकार म्हणतात, पण तुझ्या तोंडावर म्हणाले असते तर तू मला हाकलून दिलं असतंस.

तर पहिला वाद तू जिंकलीस. एका तोंडाला दोन जमतात. चित्रकार खरा होता, मी खोटी. पण दोघी असताना कशाला, हे माझं अजून म्हणणं आहे.

दुसरा वाद मात्र मी सोडणार नाही. मुलगी परत येते, रेहाना. शनिवारी मी घरीच असते.